रंग जांभळाच राहिला तर

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की दुधात औषध उतरलं आहे की नाही, ते जिभेला कळत नाही आणि नाकालाही नाही. त्यावर पत्रांचा ढीगच आला. दुधाचे नमुने तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. त्यामुळे या विषयावर मला बोलतं करणं सोपं, गप्प करणं अवघड. पत्रं थोडी कापून, नावं गाळून देते आहे.

प्रश्न : ताई, एका गाईच्या मागच्या उजव्या सडाला कासदाह झाला होता. डॉक्टरांनी तीन ट्यूब सोडल्या आणि सांगितले तितके दिवस त्या सडाचं दूध मी न चुकता ओतून दिलं. बाकीचे तीन सड चांगले होते, त्यांचं दूध घातलं. तरी संकलनाच्या ठिकाणी औषध तपासण्याच्या पट्टीत दोष निघाला आणि सगळं दूध परत आलं. नियम पाळणाऱ्यालाच शिक्षा का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोष कुठे आला ते तुम्हीच लिहिलं आहे, फक्त तक्रार म्हणून न लिहिता चांगुलपणा म्हणून लिहिलं आहे. ‘बाकीचे तीन सड चांगले होते, त्यांचं दूध घातलं.’ घोटाळा तिथेच आहे.

कासेचे चार भाग एकमेकांपासून वेगळे असतात. एका भागातलं दूध दुसऱ्या भागात जात नाही, हे खरं. पण औषध दुधाच्या वाटेने जातच नाही. कासेत रक्ताचा प्रचंड फेरा चालू असतो. सोडलेल्या औषधातला काही भाग तिथून रक्तात शिरतो, अंगभर फिरतो आणि फिरून उरलेल्या तिन्ही भागांत थोडा थोडा उतरतो. म्हणून ट्यूब एका सडात सोडली तरी सोडायचं दूध चारही सडांचं असतं. हे वेष्टनावर छापलेलं असतं, पण ज्या आकाराच्या अक्षरांत छापतात ते बघता तुमच्यावर रागावायला माझी जीभ उचलत नाही.

‘थोडा थोडा’ म्हणजे किती, त्याचा हिशेब करू. दुधातल्या पेनिसिलिनची कोडेक्सने (अन्नाचे जागतिक निकष ठरवणाऱ्या संस्थेने) ठरवलेली मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हजार लिटरमागे साधारण ४ मिलिग्रॅम. त्याच्याच घरातल्या क्लॉक्सासिलिनला युरोपीय संघात किलोमागे ३० मायक्रोग्रॅम चालतं. दुभत्या गाईच्या एका ट्यूबमध्ये २०० मिलिग्रॅम क्लॉक्सासिलिन असणं नेहमीचं आहे. ते सगळंच्या सगळं दुधात उतरलं असं धरलं, तर एक ट्यूब साडेसहा हजार लिटर दूध मर्यादेवर आणून ठेवते. सगळं उतरत नाही, पण हिशेबाचा अंदाज यावा. तुमच्या तीन सडांतलं ‘थोडं’ पट्टीला पुरेसं होतं.

मी कामाला असताना एकदा रात्री अख्खा टँकर दोषी निघाला. अशा वेळी उलटं चालत जावं लागतं : टँकरकडून कॅनकडे, कॅनकडून गोठ्याकडे, गोठ्यातून गाईकडे. प्रत्येक टप्प्याचा राखून ठेवलेला नमुना असतो म्हणून हे शक्य होतं. पहाटेपर्यंत आम्ही एका गोठ्यावर आलो. मालक कागद घेऊनच उभा होता. औषधाचं नाव, तारीख, वेळ, किती दिवस दूध बाजूला ठेवायचं, सगळं लिहिलेलं. गाईच्या पायाला लाल पट्टाही बांधला होता. पण पट्टा रात्री चिखलात गळून पडला आणि सकाळी धार काढायला नेहमीच्या माणसाऐवजी त्याचा भाऊ आला. भावाला वही वाचता येत होती, पण वही घरात होती. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते : खूण गाईवर दोन ठिकाणी करा आणि वही धार काढण्याच्या जागी टांगा.

दिवसांबद्दलही थोडं. वेष्टनावरचा कालावधी ठराविक मात्रा, ठराविक अंतर आणि ठराविक वाट धरून काढलेला असतो. मात्रा वाढवली, दोन औषधं एकत्र दिली किंवा कासेसाठी नसलेलं औषध सडात सोडलं, तर त्या आकड्याचा काही संबंध उरत नाही. गाय फार आजारी असेल, खात नसेल, दूध आटलं असेल, तर औषध बाहेर पडायलाही वेळ लागतो. अशा गाईचं दूध तपासल्याशिवाय कॅनमध्ये घालू नका, दिवस भरले असले तरी.

प्रश्न : पट्टीवर दुसरी रेघ उमटली की औषध आहे असं समजायचं ना?

नाही, बहुतेक पट्ट्यांत बरोबर उलटं. बाकी घरगुती तपासण्यांच्या सवयीमुळे इथे भले भले फसतात.

पट्टीत रंगीत कण असतात आणि औषधाला चिकटणारे रेणू त्यांच्यावर बसवलेले असतात. दुधात औषध नसेल तर हे कण मोकळ्या हातांनी पुढे जातात आणि तपासणीच्या रेघेवर जाऊन बसतात. रेघ उमटते. औषध असेल तर ते वाटेतच त्यांचे हात धरतं, रेघेवर बसायला कण उरत नाहीत आणि रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. म्हणजे ठसठशीत रेघ दिसली तर दूध पास. ताडून पाहण्याची दुसरी रेघ असते ती मात्र दोन्ही वेळा दिसायलाच हवी. ती दिसली नाही तर ती पट्टी टाकून द्या, निकाल वाचू नका. पट्टी पाच-दहा मिनिटांत उत्तर देते, म्हणून टँकर रिकामा करायच्या आधी तीच वापरतात.

प्रश्न : आमच्या दुधाला विरजण लागत नाही. म्हणजे गाईला प्रतिजैविक दिलेलं असणार, असं शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. गाईंच्या कासदाहावर पेनिसिलिन वापरायला लागल्यावर या प्रश्नाची पहिली बोंब आरोग्यवाल्यांनी मारली नाही, चीज करणाऱ्यांनी मारली. त्यांचं विरजण मरायला लागलं होतं.

पण उलट अर्थ काढू नका. विरजण जुनं असलं, दूध फार गरम किंवा फार गार असताना घातलं, जंतूंना खाणारे विषाणू विरजणात शिरले, तरी ते लागत नाही. आणि लागलं म्हणून दूध निर्दोष असंही नाही. वेदनाशामक, जंताचं औषध, संप्रेरक यांचं विरजणातल्या जंतूंना काही सोयरसुतक नसतं.

तरीही ‘जंतू मरतो का बघा’ ही कल्पना इतकी चांगली आहे की प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी आणि अजूनही टिकून असलेली चाचणी त्याच कल्पनेवर चालते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा एक उष्णताप्रिय जंतू आहे. त्याचे बीजाणू एका छोट्या नळीत जेलीसारख्या माध्यमात पेरलेले असतात आणि सोबत ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंग असतो. वर दुधाचे काही थेंब घालायचे आणि नळी साधारण ६४ अंश सेल्सिअसला अडीच-तीन तास ठेवायची. जंतू वाढला तर आम्ल तयार होतं आणि जांभळ्याचा पिवळा होतो. वाढला नाही तर रंग जांभळाच राहतो. पेनिसिलिनला हा जंतू इतका हळवा आहे की किलोमागे दोन-चार मायक्रोग्रॅमलाच मान टाकतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी याच जांभळ्या नळीने माझी फजिती केली होती. एका लहान उत्पादकाचं दूध सलग दोन दिवस जांभळं आलं. मी ‘प्रतिजैविक आढळलं’ असं लिहून सही ठोकली. तो माणूस दारात येऊन शपथा घेऊ लागला, गाईला एक गोळीसुद्धा दिली नाही म्हणाला. मी मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात. माझ्या वरिष्ठ बाईंनी नळी बघून एवढंच विचारलं, ‘गाय व्याली कधी?’ तीन दिवसांपूर्वी व्याली होती. चिकात आणि सुजलेल्या कासेच्या दुधात लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन ही शरीराची स्वतःची जंतुरोधक द्रव्यं भरपूर असतात आणि जंतूला तीही मारू शकतात. बाईंनी नमुना ८० अंशाला दहा मिनिटं तापवला आणि पुन्हा लावला. तापवल्यावर ही द्रव्यं निकामी होतात, औषध होत नाही. नळी पिवळी झाली. चीक मिसळलेलं दूध देणं चूकच होतं, पण मी त्याच्यावर भलतीच चूक लादली होती. मी जाऊन माफी मागितली. त्याने चहाही विचारला नाही, आणि बरोबर केलं.

प्रश्न : मग दूध चांगलं उकळलं की औषध जातं ना?

जंतू जातात, औषध जात नाही. वरच्या गोष्टीत त्याचं उत्तर आलंच आहे. पेनिसिलिन थोडं कमी होईल, फ्लुओरोक्विनोलोन गटाची औषधं तर जवळजवळ तशीच राहतात. उकळा, पण त्यासाठी नको.

प्रश्न : गाईला पान्हा सुटावा म्हणून ऑक्सिटोसिनची सुई देतात असं ऐकतो. दूध तपासून हे पकडता येत नाही का? येत असेल तर कुणी पकडत का नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि माझं उत्तर ऐकून दर वेळी समोरच्याचा चेहरा पडला आहे. दुधातून ते खात्रीने पकडता येत नाही.

ऑक्सिटोसिन हा नऊ अमिनो आम्लांचा छोटासा रेणू आहे. व्हिन्सेंट डु विन्यो यांनी १९५३ मध्ये तो प्रयोगशाळेत घडवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. घडवलेला रेणू आणि गाईच्या मेंदूतून सुटणारा रेणू यांत काडीचाही फरक नाही, हेच त्या कामाचं मोठेपण. आमच्या दृष्टीने तीच अडचण. वासराने ढुशी मारली, धार काढणाऱ्याने सड धुतले, की गाय स्वतःच ऑक्सिटोसिन सोडते. शिवाय ते रक्तात काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. सुई दिल्यानंतर लगेच रक्त घेतलं तर पातळी चढलेली दिसेल. पण गोठ्यात त्या क्षणी रक्त घ्यायला कोण उभं असतं? दुधात जे सापडेल ते गाईचं की बाटलीतलं, हे यंत्र सांगू शकत नाही. यंत्र कितीही महाग असो. (पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखं पचून जातं, म्हणून दूध पिणाऱ्यापेक्षा मला काळजी गाईची वाटते.)

पकडायचं असेल तर गाय बघावी लागते. रोज सुई घेणाऱ्या गाईंची सुई बंद केली की पान्हा अर्धवट सुटतो, दूध कासेत राहून जातं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. धार काढणाऱ्याला एक दिवस सुईशिवाय धार काढायला सांगा. मानेवर किंवा पुठ्ठ्यावर टोचल्याच्या गाठी बघा. गोठ्याच्या वळचणीला रिकाम्या कुप्या बघा. तपासनीस म्हणून मला माझ्या यंत्राचा अभिमान आहे, पण या एका बाबतीत कचऱ्याची टोपली त्याच्या पुढे आहे.

याच्या शेजारचंच पण वेगळं प्रकरण म्हणजे दूध वाढवणारं वाढसंप्रेरक, बीएसटी. अमेरिकेने १९९३ मध्ये त्याला परवानगी दिली. ते दर चौदा दिवसांनी टोचतात. कॅनडाने १९९९ मध्ये ते नाकारलं आणि युरोपीय संघाने कायमची बंदी घातली. दोन्हीकडे मुख्य कारण गाईच्या तब्येतीचं होतं, कासदाह आणि लंगडेपणाचं. हेही गाईच्या शरीरात मुळातच असतं, म्हणून दुधातलं प्रमाण मोजून काही सिद्ध होत नाही. पण इथे कारखान्याने एक धागा सोडला. जंतूंकडून बनवून घेतलेल्या त्या प्रथिनाच्या साखळीची सुरुवात मेथिओनिन या अमिनो आम्लाने होते, गाईच्या स्वतःच्या साखळीची होत नाही. प्रथिनाचे एंझाइमने तुकडे करायचे, वस्तुमान वर्णपटमापीत, म्हणजे रेणूंचं वजन सांगणाऱ्या यंत्रात घालायचे आणि टोकाचा तो एकच तुकडा शोधायचा. रक्तात तो सापडू शकतो. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. गाईचं शरीर या पाहुण्याला परका ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती संप्रेरक ओसरल्यावरही रक्तात राहतात. चोर निघून गेला तरी कुत्रा भुंकतोच आहे.

प्रश्न : गाय विकत घेतो आहे. विकणाऱ्याने दुधाचा अहवाल दाखवला, त्यावर ‘औषधांचे अंश आढळले नाहीत’ असं लिहिलं आहे. यावर विसंबावं का?

आधी त्या अहवालावर दोन गोष्टी शोधा : कोणती चाचणी केली आणि किती प्रमाणापर्यंतचं दिसू शकतं. या दोन गोष्टी नसतील तर तो कागद कोराच आहे असं समजा. चाचणीला जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर ती देते.

समजा जांभळी नळी लावली आणि ती पिवळी झाली. त्याचा अर्थ पेनिसिलिनची भावंडं मर्यादेच्या वर नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल? ते त्या जंतूला दिसायला किलोमागे हजारो मायक्रोग्रॅम लागतं. आणि दुभत्या जनावरांना ते औषध द्यायलाच बंदी आहे, कारण माणसात ते क्वचित पण जीवघेणा रक्तक्षय घडवतं आणि त्याची सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. युरोपीय संघात ०.१५ मायक्रोग्रॅमला कारवाई सुरू होते. हजारो कुठे आणि ०.१५ कुठे! ते शोधायला द्रव वर्णलेखन (मिश्रणातले घटक वेगळे करणारी पद्धत) आणि त्यापुढे जोडलेला वस्तुमान वर्णपटमापीच हवा. तिथे रेणूचं वजन बघतात, मग त्याला फोडून तुकड्यांची वजनं बघतात, आणि त्या तुकड्यांचं एकमेकांशी प्रमाण शुद्ध नमुन्याशी जुळतं का हेही बघतात. तेव्हा कुठे ‘सापडलं’ म्हणायचं. सापडल्यावरही डोकं ताळ्यावर ठेवावं लागतं, कारण क्लोरॅम्फेनिकॉल मातीतला एक सूक्ष्मजीवही बनवतो आणि काही वेळा ते वाळल्या चाऱ्यात आढळलेलं आहे.

फ्लुनिक्सिनसारखं वेदनाशामक दिलं असेल तर नळीला आणि प्रतिजैविकाच्या पट्टीला पत्ताच लागत नाही. यंत्रालाही नेमकं सांगावं लागतं, कारण यकृत त्याचं रूप बदलतं आणि दुधात शोधायचं असतं ते ५-हायड्रॉक्सीफ्लुनिक्सिन. नायट्रोफ्युरान हे प्रतिजैविक तर काही तासांत नाहीसं होतं. त्याचे तुकडे मांसातल्या प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात, म्हणून मूळ औषध शोधणारा हात हलवत परत येतो. जंतावरचं आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळतं आणि दुधातून बरेच दिवस झिरपत राहतं. जंताचं औषध प्रतिजैविकाच्या पट्टीने तपासून ‘काही नाही’ असं लिहून देणं खोटं नाही, पण खरंही नाही.

आता लबाडीबद्दल, कारण पत्रात तुम्ही तीही सूचित केली आहे. बीटा-लॅक्टमेज नावाचं एंझाइम दुधात घातलं की पेनिसिलिन मोडतं आणि नळी पिवळी होते. चीनमध्ये असे प्रकार उघडकीला आले आणि दुधात घालण्यास मनाई असलेल्या पदार्थांच्या यादीत त्याचं नाव आलं. गंमत म्हणजे आम्ही हेच एंझाइम प्रामाणिकपणे वापरतो. जांभळ्या नमुन्यात ते घालून तो पिवळा झाला, तर आतला गुन्हेगार पेनिसिलिनच्या घरातला होता हे कळतं. लबाडी पकडायलाही मार्ग आहे. मोडलेल्या पेनिसिलिनचे तुकडे दुधातच राहतात, ते यंत्राला दिसतात. किंवा संशयित दुधात आपणच मोजून पेनिसिलिन घालायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. ते गायब झालं तर दुधात कुणीतरी आधीच बसलेलं आहे.

तुमच्या गाईबद्दल मला खरी भीती या सगळ्याची नाही, एका साध्या गोष्टीची आहे. ती गाभण आहे असं तुम्ही लिहिता. गाय आटवताना सडांत जी ट्यूब सोडतात, तिच्यातलं औषध हळूहळू सुटावं असंच बनवलेलं असतं, कारण ते भाकड काळभर टिकायला हवं असतं. व्यायला आठ आठवडे असताना सोडलं तर ठीक. पण मालकाला तारीख नीट माहीत नसते, गाय विकली जाते आणि अंदाजाच्या तीन आठवडे आधीच विते. नवा मालक चार दिवस चीक काढून पाचव्या दिवशी दूध कॅनमध्ये ओततो. विकणाऱ्याने दाखवलेला अहवाल तेव्हाही खराच असतो, कारण तो आटवण्याआधीच्या दुधाचा असतो. तुमच्या हातातल्या कागदाची तारीखही तशीच आहे का, बघा.

म्हणून विकणाऱ्याला अहवाल मागू नका, तीन गोष्टी लिहून मागा : गाय कोणत्या तारखेला आटवली, सडांत काय सोडलं (जमल्यास रिकामी ट्यूबच मागा), आणि गेल्या दोन महिन्यांत तोंडावाटे, सुईने किंवा पाठीवर ओतून आणखी काय दिलं. व्याल्यावर चीक संपला की चारही सडांचं मिळून एक वाटी दूध घ्या आणि बाकीच्या दुधात मिसळायच्या आधी ते तपासून आणा. नमुना गारच ठेवा, उन्हात नेऊ नका. उबेत पडून राहिलं की पेनिसिलिन हळूहळू मोडतं आणि दूध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.